गेवराईचा मीठ लावलेला बर्फ

आमच्या युसूफ वडगावात हल्ली जो भेटेल तो मला आसामचं विचारतो. गेंडा पाहिला का, चहाचे मळे खरंच तेवढे हिरवे असतात का, तिकडची भाषा कशी कळली. मी सगळं सांगतो. पण माझ्या वहीत या प्रवासाची जी पानं आहेत, त्यांतली निम्म्याहून अधिक आसामची नाहीतच. ती आमच्या गावाहून संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्याची आहेत. आसामला निघण्याआधी तो रस्ता मी तीन वेळा केला, आणि मला विचाराल तर खरा प्रवास तोच झाला. पुढचे तीन दिवस रेल्वेत आम्ही नुसते बसून होतो.

आधी कारण सांगतो. आमची मुलगी अश्विनी आसामात असते. जावई तिथल्या एका लहान गावात बँकेत आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण डॉक्टरांनी तिला लांबचा प्रवास बंद केला. तेव्हा सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "लेक माहेरी येत न्हाई, तर माहेर तिकडं नेऊ." मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला आहे. उसाच्या गाड्या भरलेल्या तोलायच्या, रिकाम्या तोलायच्या आणि फरक लिहायचा, हे काम एकवीस हंगाम केलं. कारखाना बंद असतो त्या महिन्यांत रजा मिळते. दोन महिने राहायचं ठरलं.

अश्विनीनं फोनवर एकच अट घातली. त्यांच्या भागात डासांमुळे एक मेंदूज्वर होतो. भाताच्या खाचरांत डास वाढतात, डुकरांतून आणि बगळ्यांतून ते तो आजार उचलतात, आणि तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत माणसाला चावतात. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्याच्या मेंदूला ताप चढतो त्याला नेमकं औषध नाही. त्यांच्या शेजारी बिपुल नावाचा गडी आहे, तिशीतला. तापातून वाचला, पण उजव्या हातात चमचा धरता येत नाही. "तिथल्या लेकरांना सरकारी सुई मिळते," अश्विनी म्हणाली. "तुमी बाहेरून येणार. दोघांच्या दोन-दोन सुया झाल्या तरच या. न्हाई तर मी एकटी बाळंत होईन, पण आईला इथं येऊ देणार न्हाई."

सुमनचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. त्यानंतर मी वहीत पहिलं पान उघडलं.

दिवस शून्य: संभाजीनगर

ही सुई आमच्या तालुक्याला केजला मिळाली नाही, बीडलाही नाही. संभाजीनगरला एक डॉक्टर परदेशी आणि परप्रांती जाणाऱ्यांना अशा सुया देतात. एसटीनं दोघंही गेलो. परळीला जाऊन रेल्वे धरावी तर वेळा जुळत नव्हत्या. रेल्वेत सुमनला काही होत नाही. तीन दिवस ती पत्ते खेळत बसू शकते. एसटी मात्र तिला सोसत नाही. जाताना चार उलट्या, येताना तीन. सुईनं नुसता दंड दुखला, तोही एक दिवस.

डॉक्टरांनी हिशोब समजावला तो असा. दुसरी सुई अठ्ठाविसाव्या दिवशी, त्याआधी नको. आणि प्रवासाला निघण्याआधी ती होऊन किमान सात दिवस गेलेले हवेत. आमची परळीहून गाडी अडतिसाव्या दिवशी होती. अडतीस वजा सात, एकतीस. म्हणजे अठ्ठावीस ते एकतीस, एवढीच मुदत.

परतीला केजच्या अलीकडे सुमननं तिसरी पिशवी बाहेर टाकली आणि जाहीर केलं, "दुसरी सुई इकडं आणा. मी आता या डबड्यात बसत न्हाई."

दिवस सत्ताविसावा: संभाजीनगर ते गेवराई

म्हणून मी एकटा गेलो. केजच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुई टोचून द्यायचं कबूल केलं होतं. लस मी आणायची होती. आदल्या दिवशी संभाजीनगरला आतेभावाकडे मुक्काम केला. सकाळी क्लिनिकमधून दोन बाटल्या घेतल्या. करंगळीएवढ्या. थर्माकोलचा डबा, त्यात दोन गार पिशव्या, मध्ये कागदात गुंडाळलेल्या बाटल्या. कारखान्याच्या प्रयोगशाळेतून मी आकडे दाखवणारा तापमापक मागून आणला होता. त्याची वायर डब्यात सोडली आणि आकड्यांची चकती खिशात ठेवली.

औषध देणाऱ्या बाईंनी बजावलं, "दोन ते आठ अंशांत ठेवा. तापू देऊ नका आणि गोठूही देऊ नका."

मी लिहून घेतलं. 'तापू देऊ नका' याखाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या वाक्याला हसलो. मे महिना, बाहेर त्रेचाळीस अंश. बीड जिल्ह्यात या दिवसांत नळाच्या पाण्यानं हात भाजतो. तिथं गोठणार काय?

एसटी निघाली तेव्हा ४.१. पाचोडला ५.०. गोदावरी ओलांडली तेव्हा ५.८. मी दर अर्ध्या तासाला लिहीत होतो. शेजारचा पाहुणा म्हणाला, "आवो, डब्यात कोंबडीची पिल्लं हायेत का काय?"

गेवराईच्या स्टँडवर गाडी शिरली आणि बंद पडली. वाहकानं खाली उतरून चालकाशी बोलून घेतलं आणि वर येऊन सांगितलं, "मंडळी, खाली उतरा. मागची गाडी येईल." कधी येईल विचारलं तर म्हणाला, "निघाली की येईल."

दीड तास झाला. ७.२. मग ८.०. मग ९.४. गार पिशव्या मऊ पडल्या होत्या. मी डबा सावलीत ठेवला, ओला पंचा गुंडाळला आणि बर्फ शोधायला लागलो. रसवंतीवाल्याचा बर्फ संपला होता. स्टँडच्या फाटकाशी एक कुल्फीची गाडी होती. लाकडी पेटी, तिच्यात कुल्फीचे पत्र्याचे साचे आणि भोवती बर्फ. गाडीवर साठीचा माणूस, मेंदीनं रंगवलेली दाढी. पुढं कळलं, त्यांना सगळं गेवराई गफूरचाचा म्हणतं.

मी डबा दाखवला. चाचांनी झाकण उघडून आत बोट लावलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे साहेब, हे तर कोमट झालं. काय दवा हाय?"

"सुया हायेत. लेकीच्या बाळंतपणाला आसामला जायचंय, तिकडच्या डासांवरच्या."

"डासासाठी सुई?" चाचांनी भुवया वर नेल्या. "आमच्या गेवराईचे डास तर सुई घेऊनच येतात." मग एकदम गंभीर झाले. "लेकीसाठी हाय ना? मग बेफिकीर बसा."

त्यांनी बर्फाची लादी फोडली, प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि वर खडेमीठ टाकायला लागले. एक मूठ, दोन मुठी, तीन.

"चाचा, मीठ कावून?"

"नुसत्या बर्फात काय दम हाय? चाळीस साल झाले, मीठ लावल्याबिगर मी पेटी भरली न्हाई. विचारा कुणालाबी, गफूरची कुल्फी कधी पाघळली का."

पिशवीला गाठ मारून त्यांनी ती बाटल्यांच्या दोन्ही अंगांना नीट दाबून बसवली, जशी साच्याभोवती बसवतात. पैसे घेतले नाहीत. उलट मलाच एक कुल्फी दिली. वेलदोड्याची, दाणेदार, दात शिवशिवणारी. ती खाऊन होईपर्यंत आकडा २.६ वर आला. मी वहीत लिहिलं: '२.६. छान.'

तेवढ्यात बीडची गाडी आली.

त्याच दिवशी: गेवराई ते बीड

गाडीत माझ्याशेजारी एक बाई बसल्या. कुंदाताई, चकलांब्याच्या. आरोग्य केंद्रात नर्स होत्या, आता निवृत्त, बीडला लेकीकडे निघालेल्या. त्यांनी पिशवीतून दशम्या काढल्या आणि लसणाची चटणी. दशमी आमच्याकडेही होते, पण चकलांब्याच्या दशमीत गूळ जास्त आणि कणीक दुधात भिजवलेली. मी तसं म्हणालो तर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या केजकडं गुळाचा कंजूसपणा लई."

अर्धा तास झाल्यावर मी सवयीप्रमाणे चकती काढली. ३.६. दोन आणि आठच्या आत. मी समाधानानं आकडा लिहिला.

"काय मोजताय?" कुंदाताईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं, थोडं अभिमानानंच. त्यांनी चकती हातात घेतली, डोळ्यांपासून लांब धरली.

"भाऊ, आकड्याच्या पुढं ही आडवी रेघ कसली?"

मी पाहिलं. रेघ होती. लहानशी, पण होती. आकडा ३.६ नव्हता, उणे ३.६ होता.

एकवीस हंगाम मी काट्यावर आकडे वाचले. उसाची गाडी दहा टन भरते, वीस टन भरते. उणे कधी भरत नाही. आकड्याच्या पुढं बघायची सवयच मला नाही.

कुंदाताईंनी डबा उघडला, एक बाटली कागदातून काढून खिडकीच्या उजेडात धरली. आत बर्फाचे बारीक काटे दिसत होते.

"मीठ लावलं?"

"चाचांनी लावलं. मी लावू दिलं."

"अरे देवा." त्यांनी दशमीचा डबा बंद केला. "उन्हाळ्यात आमच्या नव्या पोरीबी हेच करायच्या. गरमीचं भ्या सगळ्यांला, थंडीचं कुणालाच न्हाई. ही लस गोठली की मेली, भाऊ. पुन्हा पातळ होईल, दिसायला व्हती तशी दिसेल. पण आत काम राहत न्हाई."

"नक्की मेली?"

"नक्की कोण सांगणार? पण शंका आली की टाकायची, असंच आमाला शिकवलं. तुमी मला बहीण म्हणून विचारलं असतं तर मी म्हणले असते, टाका."

बीड आलं. उतरताना त्यांनी उरलेल्या दोन दशम्या माझ्या हातात दिल्या.

त्याच दिवशी: बीड ते युसूफ वडगाव

बीडच्या स्टँडवर मी मीठ लावलेला बर्फ काढून टाकला. केज यायच्या आत बाटल्यांतले काटे विरघळले. सकाळी दिसत होत्या तशाच, स्वच्छ, शहाण्यासारख्या दिसायला लागल्या. खोटं लिहीत नाही, त्या दोन तासांत एक विचार माझ्या मनात बराच वेळ बसून होता. केजच्या डॉक्टरांना काय कळणार? सुई होईल, कार्डावर तारीख पडेल, अश्विनी खूश, सुमन खूश. पुन्हा गाडी नको, पुन्हा उलट्या नकोत. पण मग बिपुलचा चमचा आठवायचा. कार्डावरची तारीख डासाला वाचता येत नाही.

घरी पोचलो तर सुमननं फ्रिजमधला एक कप्पा रिकामा करून, धुऊन, पुसून ठेवला होता. लोणचं, कैरीचा तक्कू, भिजवलेली कणीक, सगळं बाहेर. "आणा इकडं," तिनं दोन्ही हात पुढं केले.

"ठेवू नकोस," मी म्हणालो. आणि सांगून टाकलं. रेघेसकट.

ती पाटावर बसली.  मग म्हणाली, "सगळ्या कारखान्याचा ऊस तोलणारा माणूस. आकडे लई, अक्कल न्हाई."

"खरं हाय."

"आता कसं वं?"

"चार दिवस हायेत. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस. मी पुन्हा जातो."

"पुन्हा जाताल आणि पुन्हा कुल्फी खाताल." ती उठली आणि लोणच्याची बरणी दाणकन फ्रिजमध्ये ठेवली. "न्हाई. मीच येते. लेकीसाठी उलट्या झाल्या तर झाल्या. तिच्या वेळी नऊ महिने केल्याच की."

दुसऱ्या दिवशी केजला जाऊन मी डॉक्टरांपुढे बाटल्या आणि वही दोन्ही ठेवल्या. त्यांनी 'छान' हा शब्द वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बाटल्या फेकायच्या डब्यात टाकल्या. संभाजीनगरला फोन लावला. क्लिनिक उद्या बंद होतं. तिसाव्या दिवशी या म्हणाले.

दिवस तिसावा: पुन्हा तोच रस्ता

पहाटेची गाडी. सुमननं काही खाल्लं नाही. पदरात लिंबू, हातात पिशव्यांची चळत. केजच्या पुढं एक, मांजरसुंब्याच्या घाटात दोन. बीडला तिचा चेहरा कण्हेरीच्या चिकासारखा पांढरा झाला होता. मी म्हणालो, इथंच थांबू. ती म्हणाली, "गप बसा."

गेवराईला गाडी दहा मिनिटं थांबली. मी तिला खाली उतरवलं. फाटकाशी गफूरचाचा उभेच होते. मला पाहून हात उंचावला. "सलाम साहेब! पोचली का दवा गारगार?"

मी वहीत पान शोधायला लागलो. पण सुमनला वही लागली नाही. "चाचा, तुमच्या मिठानं दवा मेली की! गोठून गेली. आता मला चाललेत घेऊन, जित्या माणसाला."

चाचांच्या हातातला साचा तसाच राहिला. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "तोबा. बहनजी, माझ्या हातून? मी तर लेकीची दवा म्हणून एक मूठ जास्तीच टाकली होती."

"तेच तर. कमी टाकली असती तर वाचली असती."

मला वाटलं माणूस रडतो की काय. पण त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि एकदम कामाला लागले. बर्फाचा चांगला मुठीएवढा खडा फोडला, धुऊन घेतला, त्यावर लिंबू पिळलं, वर चिमूटभर काळं मीठ. रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला. "हे चोखत बसा. खिडकीतून लांब बघायचं. साहेबांच्या वहीकडं बघायचं न्हाई, त्यानंच निम्मी मळमळ होत असेल."

गेवराई ते संभाजीनगर तिनं तो खडा पुरवला. सगळ्या वाटेत उलटी शून्य.

क्लिनिकमध्ये दोघांच्या सुया झाल्या. मी दंड दाबून बसलो होतो, सुमननं बाईंना विचारलं, "आता हिला गोठायचं भ्या न्हाई ना?" त्या म्हणाल्या, आता ती तुमच्या आत आहे. सुमन म्हणाली, "मग बरं. माझ्याजवळ वही न्हाई."

परतीला चाचांनी आधीच दोन खडे तयार ठेवले होते. माझ्या हातात मात्र त्यांनी पुठ्ठा आणि खडू दिला. "साहेब, मला लिवता येत न्हाई. लिहा तुमच्या मनानं, म्हणजे पुन्हा असं व्हायचं न्हाई." मी लिहिलं: 'औषधाच्या डब्यासाठी बिनमिठाचा बर्फ. बाटली कागदात गुंडाळून, बर्फाला न टेकवता ठेवावी.' खाली मी 'दोन ते आठ' असंही घातलं. चाचा म्हणाले, हे कशाला? मी म्हणालो, वाचणाऱ्याला कळेल.

खरं लिहायचं तर येताना मांजरसुंब्याला एक उलटी झाली. एकूण चार. पहिल्या खेपेला सात होत्या.

आसाम

अडतिसाव्या दिवशी परळीला गाडीत बसलो. फलाटावर औष्णिक केंद्राची राख नेहमीसारखी बाकावर बसलेली होती. सुमननं ती पदरानं झाडली आणि वर बाळंतविड्याचं गाठोडं ठेवलं. बरोबर ज्वारीचं पीठ, डिंकाचे लाडू, शेवया. सगळं मिळून एकतीस किलो. मी काट्यावर तोलून घेतलं होतं.

आसामचं थोडक्यात सांगतो. पाणी इतकं, की आमच्याकडं एका गावाला वर्षभर पुरेल तेवढं तिथं एका अंगणात साचतं. घरं बांबूच्या खांबांवर, आणि अश्विनीच्या घरामागच्या घराखाली खरोखरच डुकरं. खाचरांत बगळेच बगळे. लहानपणी आम्ही बगळ्यांना नखं दाखवून त्यांवर पांढरी फुलं मागायचो. इथं मी हात मागं घ्यायचो. चहा बिनदुधाचा, लाल. सुमननं पहिल्या दिवशी तो औषध म्हणून घेतला, आठव्या दिवसापासून मागून घ्यायला लागली. शेजारणी आमची भाकरी थापताना बघायला जमायच्या आणि टाळ्या वाजवायच्या. आपल्याकडं बाळंतिणीला भात जपून देतात. तिकडं तीन वेळा भातच. यावरून सुमन आणि शेजारीण, दोघी एकमेकींची भाषा न कळता, रोज भांडायच्या आणि रोज एकमेकींच्या ताटातलं खायच्या.

सुई झाली म्हणून मच्छरदाणी सुटत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण तिथं सांगायला डॉक्टर लागत नाही. दिवे लागायच्या आधी बिपुल यायचा. बोलायला त्याला वेळ लागतो, उजवा हात हलत राहतो. पण डाव्या हातानं तो आमच्या मच्छरदाणीची चारही टोकं ओढून बघायचा आणि गादीखाली खोचायचा. रोज. एके दिवशी सुमननं त्याला आमची कार्डं दाखवली, दोन-दोन तारखा. त्यानं त्या बोटानं मोजल्या, एक, दोन, एक, दोन, आणि हसला. मग तरीही टोकं ओढून बघितली.

मुलगी झाली. दोन किलो नऊशे ग्रॅम. तिथल्या काट्याची रेघ मी दोनदा पाहिली.

परत

गावी परतल्यावर आठवडा झाला असेल. मी जेवत होतो, तेव्हा सुमन म्हणाली, "गेवराईला जायचं का?"

"कशाला?"

"चाचांना बर्फी द्यायला. लेकीला लेक झाली म्हणून."

"एसटीनं?"

"मग काय विमानानं?"

गेलो. फाटकाशी गाडी होती, पुठ्ठा होता, खडूच्या अक्षरांवर कुणीतरी पक्का रंग फिरवला होता. चाचा एका बाईंचा डबा हातात घेऊन विचारत होते, "जेवण हाय का दवा? दवा असेल तर मीठ न्हाई, आधी सांगा." त्यांनी आम्हाला पाहिलं, डबा बाजूला ठेवला, बर्फी घेतली आणि बाळाचा फोटो बराच वेळ बघत राहिले. मग सुमनसाठी बर्फाचा खडा फोडायला घेतला. ती म्हणाली, "राहू द्या चाचा. आज कुल्फी द्या."

त्या दिवशीची वहीतली नोंद अशी आहे. युसूफ वडगाव ते गेवराई आणि परत. कुल्फ्या: तीन. उलट्या: शून्य. पुढं रेघ नाही, पाहून घेतलं आहे.